डब्यावरचा कागद

निरोप आला तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर पानाचा आडवा छेद काढत होते. शाळेचा शिपाई दाराशी येऊन उभा राहिला. "बाई, जरा बाहेर येता?" म्हणाला. मला वाटलं हजेरीपुस्तक हवं असेल, म्हणून म्हटलं, "इथेच सांगा की." त्याने पोरांकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे. "बोरीवलीच्या इस्पितळातून फोन होता. तुमचे मामा... अर्ध्या तासापूर्वी." वर्गात साठ मुलं होती आणि पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मी खडू खाली ठेवला नाही. छेद अर्धा झाला होता तो पुरा केला, रेघा ओढल्या, प्रत्येक भागाचं नाव लिहिलं, मग हात झटकून बाहेर पडले. नंतर स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं म्हणे, की बाईंचं काळीज दगडाचं आहे. तसं काही नाही. रोप लावताना मधेच उठायचं नाही, मुळं उघडी राहतात, ही रघुमामाची शिस्त होती. दुसरं काही सुचलं नाही, तर हात त्याच्या शिस्तीने चालत राहिले... इतकंच.

रघुमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन आता सात आठवडे होतील. पेपरात ज्यांच्यावर लिहून येतं तशातला तो माणूस नव्हता. कुडाळकडच्या एका खेड्यातून सतराव्या वर्षी मुंबईत आला, वीस वर्षं कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले, संपानंतर गिरणी उघडलीच नाही तेव्हा बोरीवलीला एका नर्सरीत माळी म्हणून लागला, आणि पाच वर्षांत गेला. एवढंच त्याचं चरित्र. तरी मी लिहितेय, कारण त्याच्याबद्दलची एक खोटी गोष्ट दोन ठिकाणी पक्की बसली आहे. एक इस्पितळाच्या कागदावर, आणि दुसरी माझ्या मामीच्या मनात. ती गोष्ट अशी, की रघुनाथ दारू पिऊन मेला. रघुमामा दारू पीत नव्हता. सणाला नाही, शिमग्याला नाही, गिरणीतल्या पगाराच्या दिवशीसुद्धा नाही. हे मी सही करून लिहून देते. आणि ते खोटं टिकून राहिलं ते माझ्यामुळे, हेही त्याच सहीखाली.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. घाटकोपरच्या डोंगरावर दहा बाय बाराच्या खोलीत, तापलेल्या पत्र्याखाली बसून अभ्यास केला आणि झाले. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आमच्यासारख्या घरात पहिलं शिकलेलं माणूस म्हणजे सगळ्यांचे डोळे. रेशनकार्डाचा अर्ज, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, गिरणीतून आलेलं टाइप केलेलं पत्र, सगळं माझ्यापुढे यायचं. शेजारचेही यायचे. मी वाचून सांगितलं की विषय संपला, त्यावर कुणी दुसरं मत विचारायचं नाही. मामा तर मला कागद देताना दोन्ही हातांनी द्यायचा, देवाला फूल वाहावं तसा. मला ते आवडायचं. का खोटं सांगू.

नर्सरी बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्काच्या कुंपणाला लागून. पुढे विकायच्या कुंड्या, मागे मामाची पत्र्याची शेड, आणि शेडमागे हातभर जमिनीत त्याने स्वतःसाठी लावलेली चवळी, वाल, दोडका. एक जुनं काजूचं झाडही होतं, कुणी लावलेलं कुणास ठाऊक. मामी गावी, शेताचा तुकडा सांभाळून. म्हणून मामा एकटा राहायचा, आणि रविवारी आई माझ्याकडे सुक्या बांगड्याचं तिखलं डब्यात भरून द्यायची. कॉलेजचं माझं दुसरं वर्ष. अशाच एका रविवारी मला चवळीच्या वेलावर मुंग्यांची रांग दिसली.

"मामा, मुंग्या लागल्यात. राख टाक ना."

"कित्याक?"

"वेल खातील."

"बघ तरी गो काय खातत ता. शिकतंस मां तू?"

मी उकिडवी बसून बघितलं. मुंग्या पान खात नव्हत्या. शेंगेच्या देठाशी बारीक गाठी होत्या, त्यांतून गोडसर पाझर येत होता आणि मुंग्या तो चाटत होत्या. तेवढ्यात एक हिरवी अळी देठावर चढली. चार मुंग्यांनी तिला अशी धरली की ती वळवळत खाली पडली. "वेल तेंका जेवण घालता," मामा म्हणाला, "मगे त्या राखण करतत. राखणदार उपाशी ठेवलो तर राखण कोण करतलो?" हे सगळं मला पुढे पुस्तकात भेटलं. त्या गाठींना लांबलचक इंग्रजी नाव आहे. मी ते मामाला मोठ्या ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, "बरा झाला मुंगयेक ठाऊक नाय. नायतर परीक्षेक बसवले असते तेंका."

कधी कधी मीही जिंकायचे. एकदा वालाच्या पानांवर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके पडले आणि मामा ती पानं खुडायला लागला. मी त्याचा हात धरला. सांगितलं, हा रोग नाही, ही रोगाशी चाललेली मारामारी आहे. बुरशी पानात घुसली की तिच्याभोवतीच्या पेशी आपणहून मरतात. त्या बुरशीला जगायला जिवंत पेशी लागते. चहूकडे मेलेलंच असलं की ती तिथल्या तिथे अडकते आणि उपाशी मरते. ठिपका वाळून गळतो, भोक पडतं, उरलेलं पान हिरवं राहतं. मामाने पान उन्हात धरलं. बराच वेळ बघत राहिला. "आमच्या वाडीत आग लागलेली तेवा असाच केलेला," तो म्हणाला. "बाजूच्या घराचा छप्पर ओढून काढला. घरवालो रडत होतो. पन वाडी रवली." त्या दिवसापासून तो भोक पडलेलं पान खुडेनासा झाला, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागला, माझी भाची म्हणते म्हणून.

जेवणाआधी त्याची एक ठरलेली पद्धत होती. दोडका असो, काकडी असो, टोक चावून बघायचं आणि मगच चिरायचं. कडू निघालं तर अख्खं फळ उकिरड्यावर. मी त्याला हसायचे. तो म्हणायचा, "झाडाचा विष सांगान येता, बाय. कडू लागता, खाजता, चीक उडता, वास येता. आधी सांगता, हात लावू नको. तरी खाल्लंस तर मगे तुझी चूक." काजूच्या खोडाला विळा लागला की तिथून पिवळट डिंक पाझरून घट्ट बसायचा. ती झाडाची खपली, असं तो म्हणायचा. जुना, सुकलेला डिंक तो खरवडून काढायचा, कोमट पाण्यात दोन दिवस भिजवायचा आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून मला द्यायचा, कॉलेजच्या जर्नलमध्ये पानंफुलं चिकटवायला. "खळ वापरू नको. खळीक कसर लागता. ह्येका कीड तोंड लावना नाय." बाटली एवढीशी. म्हणून महत्त्वाच्या पानांना डिंक आणि बाकीच्यांना घरची मैद्याची खळ, असा माझा हिशेब होता.

त्याच वर्षी नर्सरीच्या मालकांना, शेठना, एका नव्या सोसायटीची मोठी मागणी आली. जास्वंदीच्या कुंड्या. आणि नेमका जास्वंदीवर मावा पडला. शेठ माणूस वाईट नव्हते, मामाला नावाने हाक मारायचे, दिवाळीला त्याच्यासोबत बसून फराळ करायचे. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. "रघुभाई, गिऱ्हाईक पान बघतो. मूळ कोण बघतो?" मामा म्हणाला, "चार दिस थांबा शेठ. मावा इलो म्हंजे तेका खाणारे पन येतले." शेठ म्हणाले, "चार दिवसांनी टेम्पो येणार." आणि त्यांनी पाच लिटरचा एक डबा आणून शेडमध्ये ठेवला.

तो रविवार मला पुरता आठवतो. मामाने डबा फडक्याने पुसून माझ्यापुढे ठेवला. "वाच गो बाय. काय लिवलाला आसा?" कागदावर इंग्रजीत बारीक अक्षरांचे दोन रकाने होते, आणि कोपऱ्यात टोकावर उभा केलेला चौकोन. त्याच्या वरच्या अर्ध्यात कवटी, खालच्या अर्ध्यात लालभडक त्रिकोण. मी बादलीभर पाण्यात किती टोपणं घालायची ते वाचून सांगितलं. पुढचं वाचलं नाही असं नाही. वाचलं. हातमोजे घाला, तोंड झाका, उघड्या अंगाने फवारू नका, रिकामा डबा पुन्हा वापरू नका, चेपून पुरून टाका. सगळं मनातल्या मनात वाचलं, आणि म्हटलं, हातमोजे कुठून आणणार हा, उगाच घाबरेल. ते एक कारण. दुसरं कारण मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मला घाई होती. मला तो कागद हवा होता.

आमच्या मॅडमनी पीक संरक्षणावर जर्नल करायला सांगितलं होतं, त्यात औषधांची लेबलं चिकटवायची होती. पावडरीची पाकिटं वर्गात सगळ्यांनी आणली होती. असा मोठा, रंगीत, रासायनिक सूत्र छापलेला कागद कुणाकडे नसणार हे मला दिसत होतं. मामाने विचारलं, "फवारूक व्हयाच काय? तू काय म्हणतंस?" बघा, शेठनी सांगून झालं होतं. तरी तो माझ्या शब्दासाठी थांबला होता. मी म्हटलं, "फवार मामा. मुंग्यांवर काय भरवसा ठेवतोस. हे शास्त्र आहे." तो बरं म्हणाला. मग मी विचारलं, "हा कागद काढून घेऊ का?" "घी गो. माका खय वाचूक येता?" आणि त्यानेच पाणी तापवलं. डबा आडवा धरून कढत पाण्याची बारीक धार कागदावर सोडली, रोपाचं मूळ मातीतून सोडवावं तशी नखाने कड उचलत गेला, आणि अख्खा कागद न फाटता माझ्या हातात दिला. एक बोटभर कोपरा तेवढा डब्याला चिकटून राहिला. त्यावर नुसता हिरवा रंग होता, अक्षर एकही नव्हतं. घरी जाऊन मी तो कागद काजूच्या डिंकाने चिकटवला. मॅडमनी लाल शाईने शेरा दिला, एक्सलंट. वर्गात जर्नल फिरवलं.

मावा गेला. टेम्पो वेळेवर भरला. शेडमागच्या चवळीवरच्या मुंग्याही गेल्या, आणि महिन्याभरात पानांच्या पाठीमागे लाल कोळी आले, बारीक जाळी विणून. त्यांना खाणारे किडे फवाऱ्यात आधीच मेले होते. मग पुन्हा फवारणी, मग दुसरं औषध, मग तिसरं. मामा उघड्या अंगाने, तोंडाला पंचा बांधून पाठीवरचा पंप मारायचा. मला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. शेवटचं वर्ष होतं, परीक्षा होती, मग नोकरीची खटपट, मग नोकरी. रविवार महिन्यातून एक झाला.

त्याचं डोकं दुखायला लागलं. तोंडाला पाणी सुटायचं, जेवण नको व्हायचं. मग हात कापायला लागले, बी पेरताना दोनाच्या जागी तीन बिया पडायच्या. मग चालताना तोल जायला लागला. नाक्यावर चहाच्या गाडीपाशी उभे असलेले लोक ओरडायचे, "काय रघुमामा, सकाळीच?" तोही हसून हात वर करायचा, "होय रे, जरा झाली." मी एकदा बरोबर होते तेव्हा चिडले. म्हटलं, "असं का म्हणतोस? लोकांना खरं वाटेल." "वाटांदे. आजारी म्हटल्यार शेठ ठेवतलो काय कामार?" त्या हसण्यानेच पुढे घात केला. इस्पितळात नेताना ह्याच लोकांपैकी कुणीतरी बरोबर गेलं होतं, आणि तिथे विचारलं तेव्हा त्याने भोळेपणाने सांगितलं, प्यायचा साहेब, रोज.

पण त्याच्या तीन आठवडे आधीचं सांगायचं राहिलं. शेडमधली ती आमची शेवटची भेट. त्याचे डोळे पिवळे झाले होते, पोट वर आलं होतं आणि दंडाची कातडी लोंबत होती. तरी मी आले म्हणून त्याने कोलंबी, त्याच्या भाषेत सुंगटां, आणवली होती. "बस, तळतंय," म्हणाला, स्टोव्हवर कढई ठेवली आणि मागच्या फळीवरून तेलाचा डबा काढला. घासून घासून पांढरा पडलेला पत्रा. खालच्या बाजूला बोटभर हिरवा कागद.

"मामा... हा डबा कुठला?"

"तोच मां. तू कागद काढलंस तो. तीन पाण्यान धुतलंय, चिंच लावलंय, राख लावलंय, आठ दिस उन्हात ठेवलंय. वास घेवन बघ. नावाक नाय."

"ह्यात तेल कधीपासून आहे?"

"संपलो तेवापासून. मामी तुझी गावसून खोबरेल धाडता, ता ह्याच्यात ओततंय. आणि गंमत बघ, साखरेक, गुळाक, सगळ्यांक मुंगये लागतत. ह्या डब्याक कधी लागले नाय. एकदम झकास डबो."

पत्र्याच्या सांध्यांत किती विष राहिलं असेल, तेलात किती उतरलं असेल, एवढ्या वर्षांत किती निघून गेलं असेल, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. पण मुंग्या त्या डब्यापासून लांब राहत होत्या, आणि ज्याने मला मुंग्या बघायला शिकवलं त्याने ती गोष्ट कौतुकाने सांगितली. मुंग्यांवर काय भरवसा ठेवतोस, असं त्याला कुणी सांगितलं होतं ते माझ्या लक्षात होतं. आणि ती कवटी डब्यावर असती तर त्याने त्यात तेल भरलं नसतं. तो देवभोळा माणूस. कवटीचं चित्र घरात ठेवलं नसतं त्याने, मग डबा कितीही चांगला असो.

मी कढई उतरवली. म्हटलं, माझं पोट दुखतंय, मला नको, तूही खाऊ नकोस. म्हटलं, "डबा गळतोय मामा. मी नेते."

"गळत नाय गो."

"गळतोय."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय झाला, बाय?"

"काही नाही."

तेल मी शेडमागे खड्डा करून ओतलं. डब्याला खिळ्याने भोकं पाडली, दगडाने चेपला, आणि त्याच खड्ड्यात पुरला. कागदावर लिहिलं होतं तसं, अगदी तसंच, चार वर्षं उशिरा. मामा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "भोका पाडलंसच तर रोप लावया मां तेच्यात," एवढंच म्हणाला. मी नको म्हटलं. त्याने का म्हणून विचारलं नाही. शिकलेल्या भाचीला का म्हणून विचारायची त्याला सवयच नव्हती.

इस्पितळात डॉक्टर तरुण होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी मामाला विचारलं, "दारू किती वर्षं?" मामा उशीवर मान वळवून माझ्याकडे बोट करून म्हणाला, "माझी भाची बी.एस्सी. आसा. तिका इचारा. ती सगळा सांगतली." मी सांगितलं, पीत नाहीत. सांगितलं, नर्सरीत फवारणी करतात. त्यांनी लिहून घेतलं. डब्याचं मी सांगितलं नाही. शब्द जिभेवर तयार होते. पण डबा म्हटला की कागद आला, कागद म्हटला की तो कुणी काढला हे आलं, आणि मामा ऐकत होता, ह्या खाटेवरून त्या खाटेकडे बघत, सगळ्यांना दिसावं म्हणून की बघा, माझ्या बाजूने बोलणारं कोण आहे... मी बोलले नाही. पाच दिवसांनी तो गेला.

पुढे एकदा मी त्या डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, फवारणी असेल, डबा असेल, दोन्ही नसेल, आता काहीच सांगता येणार नाही. तेव्हा सांगितलं असतं तरी लिव्हर संपलेलंच होतं. त्यांचा हेतू चांगला होता. मी विचारलं, कागदावर दारूचं लिहिलंय ते बदलता येईल का? त्यांनी मान हलवली. कागद रेकॉर्डला गेला होता.

मामी एसटीने आली तेव्हा सगळं उरकलं होतं. दहा दिवस ती आमच्या खोलीत राहिली. जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी नर्सरीत त्याचं सामान आणायला गेलो. दोन लुंग्या, एक स्वेटर, खुरपी, देवाची तसबीर. मी ट्रंक बांधत होते आणि मामी फळीवरची एकेक बाटली उचलत होती. बूच काढायची, नाकाशी धरायची, बूच लावून परत ठेवायची. रॉकेलची बाटली, डिंकाची बाटली, फिनेलची बाटली. पेलाही हुंगला. मला कळायला वेळ लागला ती काय शोधतेय ते. मग ती माझ्यासमोर येऊन बसली.

"तू शिकलेली. तू खरा सांग. ते पियत होते काय?"

"नाही मामी. कधीच नाही."

"मगे लिव्हर कशान गेला? नाक्यावरचे सगळे सांगतत."

मी ट्रंकेच्या दोरीला आणखी एक गाठ मारली. म्हटलं, "ते... कळलं नाही डॉक्टरांना."

तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान डोलावली. तिच्या त्या मान डोलावण्यातून मी अजून सुटलेले नाही. तिला वाटलं, पोर गुणाची आहे, मेलेल्या मामाची लाज राखतेय. म्हणजे मी नाही म्हटलं आणि त्याच दमात होय सांगितलं. वीस वर्षं गिरणीत राहून ज्याने थेंबाला शिवलं नाही, त्याला त्याच्या बायकोच्या मनात दारुडा कुणी केला, तर नाक्यावरच्या लोकांनी नाही. ती दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन गेली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

ती गेल्यावर मी खाटेखालची पेटी ओढून कॉलेजचं जर्नल काढलं. चार वर्षांत उघडलं नव्हतं. पहिल्या पानापासून कसर लागली होती. खळीने चिकटवलेलं जे जे होतं, पानं, पाकळ्या, पावडरीच्या पाकिटांचे तुकडे, त्यांची चाळण झाली होती. बोट लावलं की भुगा. मी लिहिलेली नावंही अर्धी अर्धी उरली होती. डिंकाचं मधलं एकच पान जसंच्या तसं. त्यावर कीड फिरकलीसुद्धा नव्हती. हिरवी चौकट, एक तुटका कोपरा, लाल त्रिकोण, कवटी, बारीक अक्षरांचे दोन रकाने, आणि खाली मॅडमचा शेरा. कागदाच्या कडेने डिंकाची पिवळट रेघ दिसते, खोडावर दिसायची तशी, नखाने खरवडली तरी निघत नाही.

हे छापून येईल तेव्हा मी गावी पोचलेली असेन. मामीने हे पेपरातून ऐकायचं नाही, माझ्या तोंडून ऐकायचं आहे. ते पान बरोबर नेतेय. तिला वाचता येत नाही, इंग्रजी तर नाहीच. पण मला येतं. मामाने डबा पुढे ठेवून वाच म्हटलं होतं, तेव्हा मी दोन ओळी वाचल्या आणि थांबले. ह्या वेळी तिच्यासमोर पडवीत बसून मी सगळं वाचणार आहे. बारीक अक्षरातलं, कोपऱ्यातलं, शेवटच्या ओळीपर्यंत सगळं, मोठ्याने.